सळई जालन्याची, धुराडे परळीचे
(लेखांक ६)

जालना औद्योगिक वसाहतीतील पोलाद खनिज लोखंडापासून बनत नाही. भंगार आणि स्पंज आयर्न विजेच्या इंडक्शन भट्टीत वितळवून बिलेट ओततात. रोलिंग मिलमध्ये त्यांच्या सळया होतात. भट्टीच्या तोंडाशी धूळ आणि काजळी भरपूर, कार्बन डायऑक्साइड मात्र थोडाच. त्याचा मोठा वाटा निघतो तो परळी, चंद्रपूर, कोराडी येथील औष्णिक केंद्रांतून आणि कोळशावर स्पंज आयर्न बनवणाऱ्या कारखान्यांतून. कार्बन पकडण्याच्या धोरणावर पीएच.डी. करणाऱ्याला म्हणूनच आधी मोजणीची हद्द ठरवावी लागते.

ती हद्द सगळीकडे सारखी नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली. टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तरच पोलाद हरित, आणि त्यात विकत घेतलेल्या विजेचे उत्सर्जनही धरले आहे. युरोपच्या सीमा-कार्बन करात पोलादापुरता विजेचा कोळसा तूर्त वगळला आहे. म्हणजे तीच सळई एका वहीत मळकी, दुसरीत बरीच स्वच्छ.

वीजकेंद्रात वायू पकडायचा तर धूर अमाइनच्या द्रावणातून नेतात आणि द्रावण तापवून वायू वेगळा करतात. हे तापवणे आणि नंतर वायू दाबणे यांत केंद्राच्या विजेचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक खर्ची पडतो. थंड करण्यासाठी पाणीही वाढीव लागते. परळीचे केंद्र तर २०१३ मध्ये पाण्याअभावीच बंद ठेवावे लागले होते. वाढलेला खर्च शेवटी वीजबिलात येणार आणि भट्टीवाल्याचे सारे गणित वीजदरावर चालते. याच कारणाने राज्याने २०१६ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील उद्योगांना वीजदरात सवलत दिली. एका हाताने कोळशाची वीज स्वस्त करायची आणि दुसऱ्या हाताने तिच्यावर कार्बनचा भार टाकायचा, ही विसंगती प्रबंधाच्या केंद्रस्थानी असायला हवी. यंत्रांची तुलना त्यानंतर.

पकडलेला वायू ठेवायचा कुठे, या प्रश्नात मात्र जालना थेट येतो. जिल्ह्याखाली दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आहे. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी संयोग होऊन वायूचे कार्बोनेट खनिज बनते. आइसलंडच्या कार्बफिक्स प्रयोगात २०१२ मध्ये पाण्यात विरघळवून सोडलेल्या वायूपैकी सुमारे ९५ टक्के दोन वर्षांच्या आत दगड झाला. पण तिथे एक टन वायूला पंचवीसेक टन पाणी लागले. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळलेल्या पाहिलेल्या जिल्ह्यात हा हिशेब मांडणेही अवघड.

अमेरिकेत वालुला येथे २०१३ मध्ये सुमारे एक हजार टन वायू पाण्याशिवाय, दाबाखाली दाट करून बेसाल्टमध्ये सोडला गेला आणि त्याचेही खनिज झालेले आढळले. मराठवाड्याला हीच पद्धत जवळची. वायू दाट राहण्यासाठी साधारण ८०० मीटर खोली लागते. कोयना परिसरात बेसाल्टचा थर ९०० मीटरांच्या पुढे जातो. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला घेतलेल्या विंधनविवरात तो ३३८ मीटरांवरच संपला. जालन्याखाली हा थर किती खोल जातो, हा खरा प्रश्न आहे. तेव्हा धोरणाच्या मसुद्याआधी खोल विंधनविवरांचा खर्च धरावा लागेल, आणि विहिरी-बोअरवेलना पाणी देणारे वरचे थर खालच्या थरांपासून कितपत अलग आहेत, तेही त्याच विवरांतून तपासावे लागेल.