ग्रीक दैवतकथा : परिचय आणि तुलनेच्या तीन वाटा

प्राचीन ग्रीकांच्या देवदेवतांचा परिचय करून देताना एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करावयास हवी. ग्रीकांना वेदांसारखा प्रमाणभूत धर्मग्रंथ नव्हता आणि सर्व नगरराज्यांवर अधिकार चालवणारा पुरोहितवर्गही नव्हता. यज्ञबली, उत्सव, नवस हे ज्या त्या नगराच्या परिपाठानुसार चालत. देवांविषयी काय सांगावयाचे, हे मात्र प्रामुख्याने कवी सांगत. इ.स.पू. पाचव्या शतकातील इतिहासकार हिरोडोटस तर म्हणतो की, देवांची वंशावळ, उपाधी, मान आणि रूपे ग्रीकांना होमर व हेसिअड यांनी दिली. म्हणजेच ही दैवतसृष्टी आपल्यापर्यंत मुख्यतः साहित्य म्हणून पोहोचली आहे, आणि म्हणूनच तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला ती धर्मेतिहासकाराइतकीच जवळची आहे.

या सृष्टीची सुसंगत मांडणी हेसिअडच्या ‘थिऑगनी’ या इ.स.पू. ७००च्या सुमाराच्या काव्यात आढळते. आरंभी खाऊस, म्हणजे आ वासलेली पोकळी. मग पृथ्वी गाया आणि तिच्यापासून आकाश युरेनस. युरेनस आपली मुले पृथ्वीच्या उदरातच कोंडतो. क्रोनस हा पुत्र विळ्याने त्याचे पौरुष छेदतो. पुढे क्रोनस स्वतःच आपली मुले गिळू लागतो; झ्यूसच्या वेळी मात्र ऱ्हेआ त्याला बाळाऐवजी दुपट्यात गुंडाळलेला दगड देते. टायटनांवर विजय मिळवून राजा झालेला झ्यूस आपल्या गर्भवती पत्नीलाच, मेटिसलाच, गिळतो आणि अथीना त्याच्या मस्तकातून जन्मते. आजोबाने मुलांना आईच्या पोटात दडपले, बापाने ती स्वतःच्या पोटात घातली, नातवाने मातेलाच पोटात घेतले. मेटिस म्हणजे चतुर प्रज्ञा. सत्ता बळाने मिळते, पण प्रज्ञा आत्मसात केल्याखेरीज ती टिकत नाही, असा या कथाक्रमाचा राजकीय अर्थ लागतो.

या कथांची तुलना करण्याच्या तीन वाटा आहेत. त्यांतील फरक न पाळल्यास निष्कर्ष फसतात.

पहिली वाट भाषिक नात्याची. ‘झ्यूस’ आणि वैदिक ‘द्यौस्’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. ‘द्यौष्पितृ’ आणि रोमन ‘जुपिटर’ यांचे नातेही तेच. परंतु नाम एक म्हणून दैवत एक, असे होत नाही. ऋग्वेदात द्यौस् निष्प्रभ आहे. वज्र धारण करणाऱ्या, मेघांवर सत्ता असणाऱ्या झ्यूसचे कार्य इंद्राशी अधिक जुळते. युरेनस व वरुण यांचे एकोणिसाव्या शतकात लोकप्रिय झालेले समीकरण तर ध्वनिनियमांच्या कसोटीवर टिकलेले नाही.

दुसरी वाट ऐतिहासिक संपर्काची. तुर्कस्तानातील हत्तुसा या हित्ती राजधानीत सापडलेल्या मृत्तिकाफलकांवर कुमार्बीची कथा आहे. त्यात कुमार्बी आकाशदेव अनूचे पौरुष दातांनी तोडतो आणि त्याच्याच पोटात पर्जन्यदेव वाढू लागतो. हे फलक हेसिअडहून कित्येक शतकांनी जुने आहेत. आकाशदेवाचे खच्चीकरण, पोटात वाढणारा उत्तराधिकारी आणि अखेर पर्जन्यदेवाचे राज्य हा क्रम इतका जुळतो की, पश्चिम आशियातील परंपरेचा ग्रीक काव्यावर प्रभाव पडला, हे आज बहुतेक अभ्यासक मान्य करतात. याउलट, डायोनिसस हा बाहेरून उशिरा आलेला देव, हे मत एकेकाळी प्रचलित होते. १९५२ साली मायकेल व्हेन्ट्रिसने ‘लिनिअर बी’ लिपीची उकल केली आणि इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातील फलकांवर झ्यूस, हेरा व पोसायडन यांच्याबरोबर डायोनिससचेही नाव वाचता आले. दैवताचे परकेपण हा त्याच्या कथेचा विषय असू शकतो. तो इतिहास असेलच असे नाही.

तिसरी वाट रचनासाम्याची. ट्रॉयला गेली ती हेलन नव्हे, तिची छायाप्रतिमा. खरी हेलन इजिप्तमध्ये होती, अशी कथा युरिपिडीजने इ.स.पू. ४१२च्या ‘हेलन’ नाटकात योजली. अध्यात्मरामायणातील मायासीता येथे सहजच आठवते. मात्र येथे उसनवारीचा पुरावा नाही. दोन्हींकडे हरण झालेल्या स्त्रीच्या शुद्धतेचा प्रश्न प्रतिमेच्या आधाराने सोडवला आहे. पण एकीकडे त्यातून दहा वर्षांच्या युद्धाची निरर्थकता उघडी पडते, तर दुसरीकडे रामाचे सर्वज्ञत्व अबाधित राहते. साम्य प्रश्नात आहे, उत्तरात नाही.

अशा पाठभेदांतून ‘मूळ’ कथा शोधत बसणे फारसे फलदायी नाही. हेसिअडचा प्रॉमिथियस झ्यूसला फसवणारा कपटी आहे. त्याच्या कृत्याची शिक्षा मानवजातीला पॅन्डोराच्या रूपाने भोगावी लागते. ईस्किलसच्या नावावर असलेल्या ‘प्रॉमिथियस बाउंड’मध्ये तोच मानवाला अग्नी, गणित व लिपी देणारा उपकारकर्ता ठरतो. झेनोफनीजने होमर-हेसिअडांवर देवांना चोरी व व्यभिचार चिकटवल्याचा ठपका इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकातच ठेवला होता. त्यानंतरही कथा सांगितल्या गेल्या, त्या बदलत राहिल्या म्हणूनच.

मराठीत ‘मिथक’ म्हणताना ‘मिथ्या’ची सावली त्या शब्दावर पडते. होमरच्या भाषेत ‘म्यूथॉस’ म्हणजे अधिकाराने उच्चारलेले वचन. ‘लोगॉस’च्या विरोधात तो कल्पित कथेचा वाचक झाला, ते नंतर. खरे-खोटे ठरवण्यापूर्वी हे वचन कोणी, कोणापुढे आणि कोणत्या अधिकाराने उच्चारले, हे विचारणे तुलनेची पहिली पायरी होय.