गुलाबी बोंडअळीचा अंदाज : खूण कोणती आणि कारण कोणते?

गुलाबी बोंडअळीचा धोका सांगणारे संदेश आता कापूस उत्पादकांना मोबाईलवर मिळतात. हवामान, लागवडीची तारीख, सापळ्यातील पतंग, मागील प्रादुर्भाव अशा नोंदींवरून संगणकीय प्रारूप पुढील धोक्याचा अंदाज देते. हा अंदाज उपयोगी आहे. मात्र ज्या नोंदीवरून अंदाज बरोबर येतो, तीच प्रादुर्भावाचे कारण असते असे नाही. हा फरक लक्षात न घेतल्यास फवारणीचा खर्च वाया जातो आणि खरे कारण शेतातच राहते.

सापळा : खूण, कारण नव्हे

कामगंध सापळ्यात नर पतंग अडकतात. सलग ३ दिवस प्रति सापळा प्रतिदिन ८ पतंग आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजतात. पतंगांची ही संख्या धोक्याची खूण आहे. निरीक्षणासाठी हेक्टरी ५ सापळे लावल्याने अळी आटोक्यात येत नाही आणि ते काढल्याने ती वाढतही नाही.

फवारण्या जास्त, अळीही जास्त?

समजा, गावातील नोंदींत जास्त फवारण्या झालेल्या शेतांत जास्त किडकी बोंडे दिसली. प्रारूप हा संबंध पकडेल आणि त्यावरून अंदाजही बरोबर देईल. पण म्हणून ‘फवारणीमुळे अळी वाढली’ असे म्हणता येत नाही. बहुतेक ठिकाणी अळी दिसली म्हणूनच शेतकऱ्याने फवारणी केलेली असते. चुकीच्या फवारणीने मित्रकीटक मरतात हेही खरे, पण त्याचा परिणाम नुसत्या नोंदींतून वेगळा काढता येत नाही.

ओलिताची कपाशी

ओलिताच्या शेतात अळी जास्त दिसली, तर दोष पाण्याचा का? पाण्याची सोय असलेला शेतकरी मान्सूनपूर्व लागवड करू शकतो आणि हंगामानंतर फरदडही घेऊ शकतो. खरी साखळी येथे आहे. फरदडीत अळीला सलग खाद्य मिळते. उरलेल्या बोंडांत आणि सरकीत ती सुप्तावस्थेत राहते. पुढील हंगामात निघालेल्या पतंगांना लवकर लावलेल्या कपाशीवर पाते-फुले मिळतात. पाते नसतील तर या पहिल्या पतंगांची पिढी पुढे वाढत नाही. म्हणून ओलिताची कपाशीही वेळेवर लावावी, डिसेंबरअखेर संपवावी आणि पऱ्हाट्यांची विल्हेवाट लावावी. २०१७ च्या हंगामात राज्यात मोठे नुकसान झाल्यानंतर याच उपायांवर भर देण्यात आला.

कारण ओळखण्यासाठी ३ प्रश्न

१. ही गोष्ट आपण बदलली, तर प्रादुर्भाव बदलेल का?
२. आधी काय घडले : फवारणी की अळी?
३. दोन्हींमागे तिसरे काही आहे का? उदा. पाणी, वाण, लागवडीची तारीख.

शेतातच पडताळणी

एखाद्या फवारणीचा उपयोग होतो का, हे पाहण्यासाठी एकाच वाणाच्या, एकाच तारखेला लावलेल्या शेतात ६ ते ८ पट्टे आखावेत. कोणत्या निम्म्या पट्ट्यांत फवारणी करायची, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. आपल्या पसंतीने निवड केल्यास चांगला पट्टा एकाच बाजूला जाण्याची शक्यता असते. फवारणीपूर्वी आणि नंतर प्रत्येक पट्ट्यातील सारखीच हिरवी बोंडे फोडून किडकी बोंडे मोजावीत.

लागवडीची तारीख किंवा फरदड यांची तुलना मात्र एका शेतात होत नाही, कारण पतंग शेजारच्या शेतातून उडून येतात. त्यासाठी गावे किंवा शिवारे घ्यावी लागतात. सहायक कृषी अधिकाऱ्यांनी अशा नोंदी गावनिहाय ठेवाव्यात.

संदेश आल्यावर काय करावे?

‘धोका जास्त’ असा संदेश आल्यास लगेच पंप उचलू नये. एकरातून कोणतीही २० हिरवी बोंडे तोडून फोडावीत. २ किंवा अधिक बोंडांत अळी किंवा नुकसान आढळल्यास, म्हणजे १० टक्के पातळी गाठल्यास, शिफारशीत कीटकनाशकाची फवारणी करावी. शेतात केव्हा पाहायचे हे अंदाज सांगतो. फवारायचे की नाही, हे बोंड फोडून ठरवावे.