अद्भुत गोष्टी आणि मुलांची बोली

राक्षस, वेताळ आणि बोलणारे पशुपक्षी यांच्या गोष्टी मुलांना शाळेत सांगाव्यात काय, असा प्रश्न शिक्षकांपुढे पुष्कळदा उभा राहतो. या गोष्टी घडलेल्या नसतात, हे उघडच आहे. परंतु गोष्टीचे सामर्थ्य किती असते, हे एका जुन्या अद्भुत कथेतच सांगितलेले आढळते, आणि ती कथा गोदावरीकाठची आहे. जिंतूर तालुक्यात येलदरी येथे धरणाने अडविलेली पूर्णा पुढे ज्या गोदावरीस मिळते, तिच्याच काठी वरच्या अंगास पैठण, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान आहे.

तेथील सातवाहन राजाच्या पदरी गुणाढ्य नावाचा पंडित होता, असे काश्मीरच्या सोमदेवाने ११ व्या शतकात रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त म्हटले आहे. एक पैज हरल्यामुळे गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषा सोडल्या. अरण्यात जाऊन त्याने पैशाची भाषेत ७ लक्ष श्लोकांची ‘बृहत्कथा’ लिहिली. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने मात्र भाषा हलकी म्हणून ती परत पाठविली. दुःखी गुणाढ्य एकेक पान वाचून अग्नीत टाकू लागला. ते ऐकण्यास वनातील पशू भोवती जमले आणि चरणे विसरून अश्रू ढाळू लागले. इकडे राजा आजारी पडला. वैद्यांनी दोष सुक्या मांसास दिला, आचाऱ्यांनी व्याधांस दिला, आणि व्याधांनी वनातील तो प्रकार सांगितला. राजा धावत गेला, तेव्हा १ लक्ष श्लोकच उरले होते.

या कथेत शिक्षकांनी घेण्यासारखे बरेच आहे. चरणे विसरलेल्या हरणासारखे मूल गोष्टीत रमते, तेव्हा त्याचे अवधान आपोआप एकाग्र होते. वाचन व लेखन यांस हेच अवधान लागते. गोष्ट अद्भुत असली तरी तिच्यात कार्यकारणभाव असतो. “राजा आजारी का पडला?” असे विचारल्यास मुले एकेक दुवा मागे जोडत वनापर्यंत पोहोचतात. म्हणून शेवटी तात्पर्य सांगण्याची घाई करू नये; मुलांना प्रश्न करू द्यावेत.

राजाची चूक तर विशेष ध्यानात ठेवावी. त्याने गोष्ट ऐकलीच नाही. केवळ भाषा पाहून ती नाकारली. खेड्यातील अथवा लमाण तांड्यावरील मूल आजीकडून ऐकलेली गोष्ट आपल्या बोलीत सांगू लागते, तेव्हा वर्गात हसू उमटले, किंवा शिक्षकांनी पहिल्याच वाक्यात त्याचा शब्द सुधारला, तर ते गप्प बसते आणि पुन्हा सहसा उभे राहत नाही.

यास्तव मुलास गोष्ट त्याच्या बोलीत शेवटपर्यंत सांगू द्यावी. नंतर तिच्यातील चार वाक्ये सर्वांनी मिळून प्रमाण मराठीत फळ्यावर लिहावीत. मूळ गोष्ट मात्र मुलाच्याच शब्दांत एका वहीत उतरवून ठेवावी. गुणाढ्याची मूळ ‘बृहत्कथा’ आज कोठेही उपलब्ध नाही. ती इतरांनी पुन्हा सांगितली, तेवढ्या रूपातच उरली आहे.