शून्य आणि पाचावरचे मनोरे

हाती आलेली आकडेवारी सूत्रात घालण्याआधी मांडून, उलटसुलट करून डोळ्यांनी पाहणे, याला संख्याशास्त्रात शोधक विश्लेषण म्हणतात. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांनी १९७७ साली याच विषयावर ग्रंथ लिहिला आणि कागद-पेन्सिलीने काढता येतील अशा साध्या आकृत्यांना मानाचे स्थान दिले. त्याआधी, १९७३ मध्ये, फ्रान्सिस अँस्कम यांनी प्रत्येकी अकरा बिंदूंचे चार संच रचले होते. चारही संचांची सरासरी, सहसंबंध आणि कलरेषा जवळपास एकच. आलेख काढला की मात्र एकात सरळ ओढ, दुसऱ्यात कमान, उरलेल्या दोहोंत एखादाच बिंदू सगळा निकाल फिरवणारा.

मुंबईत या कामाचे मोठे ठिकाण देवनारला आहे. गोवंडी स्टेशन रोडवरची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ साली स्थापन झाली. १९९२-९३ पासूनच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाच फेऱ्यांची सूत्रे तिच्याकडेच होती. पाचव्या फेरीत (२०१९-२१) ७०७ जिल्ह्यांतली सहा लाखांहून अधिक घरे होती. अशी पाहणी म्हणजे प्रयोगशाळेतला प्रयोग नव्हे. पण मोजमाप आले की मोजणाऱ्याच्या चुका आल्याच, त्यामुळे पाहण्याची रीत तीच.

वयाचेच घ्या. दारात उभी बाई सांगते, "असेल की तिशी." कागदावर ३० उमटते. अशी हजारो उत्तरे स्तंभालेखात मांडली की ३०, ३५, ४० वर मनोरे उभे राहतात आणि २९, ३१ वर खड्डे पडतात. विपल निर्देशांक २३ ते ६२ या वयांतला हा कल मोजतो: १०० म्हणजे शून्य-पाचाची ओढ नाही, ५०० म्हणजे प्रत्येक वय शून्य किंवा पाचावरच संपणारे. दुसरी खूण काठावर सापडते. सविस्तर मुलाखत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांची. म्हणून ४९ ला खळगा आणि पन्नाशीला फुगवटा दिसला, तर मुलाखत टाळण्यासाठी वये पुढे ढकलली गेल्याची शंका घ्यावी. हे दोन्ही आकार सरासरी वयातून कधीच दिसणार नाहीत.

रक्तक्षयाचे प्रकरण अधिक नाजूक. देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधील प्रमाण चौथ्या फेरीत ५३ टक्के होते, पाचव्या फेरीत ५७. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी हिमोग्लोबिनची सीमा दर डेसिलिटर रक्तात १२ ग्रॅमची, आणि असंख्य स्त्रियांचे हिमोग्लोबिन याच सीमेच्या आसपास. बोटातून घेतलेल्या रक्ताच्या मोजणीत थोडा जरी फरक पडला, तरी कितीतरी जणी रेषेच्या अल्याड-पल्याड होतात. म्हणून टक्क्यांवर बोलण्याआधी दोन्ही फेऱ्यांचे पूर्ण वितरण शेजारी ठेवून पाहायला हवे. ते न पाहता केलेला 'वाढले'चा गाजावाजा घाईचाच.

पाहण्यालाही मर्यादा आहे. ७०७ जिल्हे चाळले आणि पाच टक्क्यांची कसोटी लावली, तर काहीही वेगळे नसताना निव्वळ योगायोगाने सुमारे ३५ जिल्हे वेगळे दिसतील. त्यांची यादी हा निष्कर्ष नव्हे. ती आधी लिहून ठेवावी, नव्या फेरीच्या आकड्यांवर ताडून पाहावी आणि तिथेही टिकतील तेवढेच जिल्हे वेगळे म्हणावेत.