रिपोर्टमधला ठळक आकडा

गेल्या महिन्यात आमच्या भाभींनी रक्त तपासून घेतले. थकवा होता, केस गळत होते. साखर ठीक, हिमोग्लोबिन ठीक; फक्त टीएसएचसमोर ६.४ हा आकडा ठळक छापलेला. संध्याकाळपर्यंत सदर बाजारातल्या खालांकडे बातमी पोचली, "थायरॉईड झाला." अम्मींनी कोबी बंद केला. शेजारणीने तर आपल्या गोळ्यांची बाटलीच पुढे केली!

थायरॉईड ही गळ्यातली फुलपाखरासारखी ग्रंथी; ती सगळ्यांनाच असते. टीएसएच मात्र तिच्यातून येत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी थायरॉईडला "काम कर" म्हणून जो निरोप धाडते, तो टीएसएच. थायरॉईड मंदावली की निरोप वाढतो. बहुतेक लॅबमध्ये याची मर्यादा साधारण ०.४ ते ४.५ असते. आकडा थोडा वर, पण फ्री टी-फोर ठीक, म्हणजे ग्रंथी अजून काम निभावते आहे. मुंबई, गोव्यासह देशातल्या आठ शहरांत ५,३७६ प्रौढांची तपासणी झाली होती. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सुमारे ८ टक्के लोक याच स्थितीत आढळले.

डॉक्टरांनी भाभींना गोळी दिली नाही. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा टीएसएच, सोबत फ्री टी-फोर आणि अँटी-टीपीओ करायला सांगितले. आम्हाला हे आधी टाळाटाळ वाटले, पण कारण पटले. टीएसएच रात्री चढतो, दुपारी उतरतो; आजारातून उठताना तात्पुरता वाढतो. म्हणून दुसरी तपासणी शक्यतो त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला करावी. उपाशी राहण्याची गरज नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगावे, त्यांनी रिपोर्ट चुकू शकतो. आकडा बरेचदा आपोआप खाली येतो. वयस्करांत तो थोडा जास्त असणे नेहमीचेच. आणि शिजवलेला कोबी बेताने खाल्ला तर काही बिघडत नाही.

आकडा १० च्या वर गेला तर मात्र डॉक्टर सहसा गोळी सुरू करतात. दिवस गेलेले असतील किंवा मूल हवे असेल तर थोड्या वाढीकडेही दुर्लक्ष नको. लगेच डॉक्टरांना दाखवावे, कारण पोटातल्या बाळाची वाढ सुरुवातीला आईच्या थायरॉईडवरच चालते. म्हणूनच, रिश्ता मोडेल या भीतीने मुलीचा रिपोर्ट कपाटात दडवणाऱ्या घरांचा आम्हाला राग येतो. रोज एक गोळी घेऊन संसार करणाऱ्या कितीतरी बायका आपल्याच मोहल्ल्यात आहेत.

ज्यांना गोळी आहे त्यांनी ती रिकाम्या पोटी, चहाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब ठेवाव्यात. रमजानमध्ये सहरीच्या अर्धा तास आधी उठून, किंवा रात्रीच्या शेवटच्या खाण्यानंतर तीन तासांनी. वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवावी, महिनाभर गोळी सोडू नये.

भाभींची दुसरी तपासणी पुढच्या महिन्यात आहे. शेजारणीची बाटली अम्मींनी परत पाठवली.