जुगाराचा शेअर आणि सम्यक आजीविका

रविवारी विहारात वंदना आटोपली आणि एक तरुण उपासक आमच्याजवळ आला. जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात तो कामाला आहे. म्हणाला, "काका, मी पत्ते खेळत नाही. पण ऑनलाइन जुगारवाल्या कंपन्यांचे शेअर पडलेत. बंदी उठली तर दुप्पट होतील. बाबांच्या फंडाचे पैसे घालू का?"

बंधू-भगिनींनो, शेअर आपल्याला निषिद्ध नाही. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्यापूर्वी डॉ. बाबासाहेबांनी शेअरविषयी सल्ला देणारा व्यवसाय काढला होता. जात कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली. तेव्हा प्रश्न शेअरचा नाही. नफा येतो कोठून, हा आहे.

पैसे लावून खेळायच्या पत्त्यांत डाव कोणीही जिंको, कंपनी आपले कमिशन काढून घेते. ते हरणाऱ्याच्या पगारातून येते.

असा नफा सरकारच्या एका निर्णयाने कोसळतो. जुलै २०२३ मध्ये जीएसटी परिषदेने लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर ठरवला. गोव्यात कॅसिनो चालवणाऱ्या डेल्टा कॉर्पचा शेअर दुसऱ्याच दिवशी २० टक्क्यांहून अधिक पडला. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची संमती! खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. मुंबईच्या नझारा कंपनीचा पोकरबाजी चालवणाऱ्या कंपनीत नुसता हिस्सा होता, तरी तिचाही भाव घसरला. तीन दिवसांत कोणता कामगार सावध होणार?

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात जुगाराचे सहा तोटे सांगितले. जिंकणारा वैर जोडतो, हरणारा झुरतो, धन जाते, सभेत शब्दाला किंमत उरत नाही, मित्र तुच्छ लेखतात, मुलगी कोणी देत नाही. उपासकाने टाळायच्या पाच व्यापारांत जुगाराचे नाव नाही, हे खरे. पण जे खेळणे वाईट, त्याच्या नफ्यात वाटा घेणे सम्यक आजीविका कशी?

आम्ही त्या तरुणाला एवढेच सांगितले : बाबांचा फंड पोस्टात किंवा बँकेत ठेव. शेअर घ्यायचेच तर बुडाले तरी चूल विझणार नाही, एवढ्याच पैशांचे घे. आणि कंपनी अशी निवड, की तिचा धंदा आईला सांगताना मान खाली जाऊ नये.

जयभीम!