प्रभु येशूची नित्याची मैत्री

‘मित्र’ हा शब्द आपण दिवसांतून अनेक वेळां उच्चारतों. एका बांकावर बसणारा तो मित्र, खेळांत आपल्या बाजूनें असणारा तो मित्र, आणि परीक्षेपूर्वीं आपली वही देणारा तर जिवलग मित्र! मग प्रभु येशू ख्रिस्त आपला मित्र आहे असें आपण म्हणतों, तेव्हां या शब्दाचा अर्थ काय घ्यावयाचा? ज्याला डोळ्यांनीं पाहिलें नाहीं, त्याच्याशीं मैत्री कशी जडावी, ही विद्यार्थ्यांची शंका रास्त आहे.

योहानकृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायांत याचा उलगडा होतो. वधस्तंभाच्या आदल्या रात्रीं प्रभूनें शिष्यांना दासांच्या पंक्तींतून उठवून मित्रांच्या पंक्तींत बसविलें. दासाला धन्याची आज्ञा कळते, मन कळत नाहीं. फुलसावंगीसारख्या गांवीं कापूस वेंचावयास आलेला मजूर कोणत्या शेतांत जावयाचें एवढेंच विचारतो. शेतकऱ्याच्या जिवाभावाच्या सोबत्याला मात्र हेंही ठाऊक असतें कीं, याच पिकावर कर्ज फिटावयाचें आहे. काम दोघांचें एकच; परंतु सोबती काळजीचा वाटेकरी असतो. प्रभूनें शिष्यांना आपल्या काळजीचे वाटेकरी केलें. त्याच ठिकाणीं आज्ञा पाळण्याचीही अट आहे. म्हणून ही मैत्री म्हणजे बरोबरी नव्हे.

या मैत्रीचें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच आहे. कवि नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे कोंकणांतील ब्राह्मण कुटुंबांत जन्मले. नागपूरहून राजनांदगांवास जात असतां आगगाडींत एका अपरिचित युरोपियन गृहस्थानें त्यांना पवित्र शास्त्राची प्रत दिली. डोंगरावरील प्रवचन वाचूं लागल्यावर तें त्यांना सोडवेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. या निर्णयाची किंमत मोठी होती. पत्नी लक्ष्मीबाई कांहीं वर्षें दूर राहिल्या. पुढें त्या परत आल्या, तरी आपलें सोंवळें पाळीत राहिल्या. टिळकांनीं सक्ती केली नाहीं. जातिभेद देवानें केलेला नसून मनुष्यानें केलेला आहे, हें लक्ष्मीबाईंना विचारान्तीं स्वतःच पटलें, आणि १९०० सालीं त्यांचा बाप्तिस्मा झाला. हा इतिहास त्यांच्या ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्रांत आहे. वाट पाहणें हा खऱ्या मित्राचा धर्म. प्रभु दारावर थाप मारतो, दार फोडीत नाहीं. ज्यानें त्याच्याशीं मैत्री केली, त्यालाही वाट पाहणें साधतें.

नित्याच्या जीवनांत ही मैत्री कशी वाढवावी? प्रथम, संभाषणानें. प्रार्थना म्हणजे केवळ निजतांना म्हणावयाचे ठराविक शब्द नव्हेत. शाळेच्या वाटेवर, विहिरीवर, गुरें राखतांना मनांतील गोष्ट प्रभूस सांगावी. दुसरें, ऐकण्यानें, कारण जो नेहमीं स्वतःच बोलतो त्याचा मित्र लवकरच कंटाळतो. मार्ककृत शुभवर्तमानाचे १६ अध्याय आहेत. रोज एक वाचला तर १६ दिवसांत प्रभूचें चरित्र एकदां वाचून होतें. तिसरी गोष्ट कठीण आहे. मित्राचे मित्र ते आपले मित्र, असें आपण म्हणतों. लोक येशूला जकातदारांचा व पापी जनांचा मित्र म्हणून हिणवीत. त्यानें तें नांव नाकारलें नाहीं. तेव्हां वर्गांत ज्याच्याशेजारीं कोणी बसत नाहीं, तो मुलगा प्रभूचा मित्र आहे हें ओळखून त्याच्याशेजारीं बसणें, ही आपली परीक्षा होय.

ही परीक्षा पालकांचीही आहे. तराजूचें माप, मजुराची वेळेवर दिलेली मजुरी, दारीं आलेल्याला दिलेलें पाणी यांवरून लेंकरें प्रभूची मैत्री शिकतात. उपासनेंत एक आणि बाजारांत दुसरें पाहिलें, तर तीं बाजारांतलेंच उचलतात.

कोणी म्हणेल, ‘मैत्री मोडली तर?’ पेत्रानें एकाच रात्रीं तीनदां प्रभूला नाकारलें. पुनरुत्थानानंतर प्रभूनें समुद्रकांठीं निखाऱ्यांवर मासळी व भाकर तयार ठेवून त्याला न्याहारीस बोलाविलें. नाकारणें तीनदां झालें होतें. ‘प्रीति करतोस काय’ अशा अर्थाचा प्रश्नही तीनदां झाला. आणि मग मेंढरें राखण्याचें काम त्याच्या हवालीं केलें. मित्र चुकला म्हणून प्रभूनें त्याला टाकलें नाहीं. पण चूक झांकूनही ठेविली नाहीं.

विद्यार्थ्यांनो, प्रभु मित्र आहे म्हणून अभ्यास न करतां गुण मिळतील अशी आशा धरूं नका! परंतु शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेकडे डोळा वळूं लागेल, तेव्हां तो मित्र जवळच आहे हें आठवा. तो तुम्हांस उत्तर सांगणार नाहीं. पण कोरी जागा कोरीच ठेवण्याचें धैर्य देईल. तें धैर्य पुढें जन्मभर उपयोगीं पडेल.